अकरा कोरे कागद

दिल्लीहून नितीनचा फोन आला, तेव्हा भाऊंचं लेटरहेड प्रिंटरमध्ये अर्धं आत गेलेलं होतं. समता कॉलनीतल्या त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत मी रोजच्यासारखी सकाळची बसले होते. समोर फूलबाई नावाची एक बाई होती. तिच्या नवऱ्याला सरकारी रुग्णालयात खाट मिळत नव्हती, तो बाहेरच्या व्हरांड्यात सतरंजीवर पडून होता, आणि तिला ‘भैयाजी की चिट्ठी’ हवी होती. नितीन म्हणजे भाऊंचा मुलगा. फोनवर एवढंच म्हणाला, “आत्या, बाबा गए.” मी ‘बरं’ म्हणाले. असं कोणी म्हणतं का… पण मी म्हणाले. फोन ठेवला तोवर कागद बाहेर आला होता. वर त्या दिवसाची तारीख, मध्ये मी टाइप केलेल्या सहा ओळी, आणि त्यांच्याखाली निळ्या शाईतली सही. ती भाऊंनी अधिवेशनाला जाण्याआधी कोऱ्या कागदावर करून ठेवली होती. सही करणारा माणूस आता नव्हता, आणि हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं. मी सवयीने त्याची झेरॉक्स काढून फाइलला लावली, कागदाची घडी घातली, फूलबाईच्या हातात दिली, ती फाटकाबाहेर गेल्यावर दार लावून घेतलं.

ही गोष्ट आधी सांगून टाकली, कारण पुढचे तेरा दिवस ती माझ्या मानेवर बसून होती.

वामनराव खडतकर रायपूरला लागून असलेल्या ग्रामीण मतदारसंघाचे कितीतरी वर्षं खासदार होते. साऱ्या भागाचे ते ‘भैयाजी’. मी मात्र त्यांना भाऊच म्हणत आले. त्यांचे वडील आणि माझे वडील, दोघेही वर्ध्याकडून रेल्वेच्या नोकरीसाठी इकडे आलेले, क्वार्टरं समोरासमोर. भाऊ माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. मी शाळेत होते तेव्हा ते पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, मुलांना गोळा करून नळासाठी मोर्चे काढायचे, आणि मी कॉलेजात ग्रंथपाल झाले तेव्हा एक निवडणूक हरून आमच्या वाचनकक्षात येऊन बसायचे. संसदेतल्या जुन्या चर्चांचे बांधीव खंड आमच्याकडे कपाटात पडून होते, कुणी हात लावत नव्हतं. भाऊंनी ते ओळीने वाचून काढले. एकदा मला म्हणाले, “यात मोठी भाषणं लई आहेत, पण ज्यानं बारका प्रश्न इचारला त्यालेच उत्तर भेटलं.” पुढच्या निवडणुकीत ते निवडून आले. दिल्लीला जाण्याआधी माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, सकाळी दोन तास माझ्याकडे येऊन लिहिशील का? पगाराचं बोलणं झालं नाही. मीही काढलं नाही. निवृत्त झाले तरी ते दोन तास सुटले नाहीत.

त्यांच्या कारकिर्दीवर पुष्कळ लिहून आलं आहे. कोणी त्यांना अजातशत्रू म्हटलं, कोणी मुका खासदार. दोन्ही खरं नाही. सभागृहात ते फार बोलत नसत, पण प्रश्न विचारायचे सोडत नसत. प्रश्नांच्या सूचना मी लिहायची आणि ते खोडायचे. मी लिहिलं होतं, ‘अत्यंत दयनीय अवस्थेतील पुलाबाबत’. त्यांनी पहिले तीन शब्द उडवले. “विशेषण काढ. मंत्री विशेषणाले उत्तर देऊन बसून जाते, पुलाचं राहूनच जाते.” प्रश्नांच्या सोडतीत त्यांचं नाव वर येऊन मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर देण्याची पाळी क्वचितच यायची, ती आली की आदल्या दिवशी त्यांचा फोन येई आणि मला मंत्री व्हावं लागे. मी उत्तर टाळायची, ते उपप्रश्न विचारून मला कोंडीत धरायचे, आणि मी अडकले की समाधानाने म्हणायचे, “हां, इथं हा बी अडकन.”

विरोधक त्यांना ‘नागपुरिया’ म्हणून हिणवत. एका सभेत कोणी ओरडलं, नागपूरचं संत्रं इथल्या मातीत उगवत नाही. भाऊ माइकवर शांतपणे म्हणाले, “उगता नहीं भाई, पर सबसे ज़्यादा बिकता तो यहीं है.” लोक हसले. पण ते स्वतः हसले नाहीत. मराठी मला आणि वहिनींना, छत्तीसगढी गावाला, हिंदी दिल्लीला, अशी त्यांची वाटणी होती, आणि तिन्ही ठिकाणी ते थोडे परके आहेत असं त्यांना वाटत असावं. त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही… मीही विचारलं नाही.

आता त्या कागदांविषयी. अधिवेशन सुरू झालं की भाऊ आठवडेच्या आठवडे दिल्लीत. इकडे दारात माणसं यायची थांबत नसत. कोणाला रुग्णालयात खाट, कोणाला रेल्वेचं आरक्षण, कोणाची पेन्शन अडलेली. ई-मेल आल्यावरही गावच्या माणसाला हातात धरायला कागद लागतो. म्हणून निघायच्या दिवशी भाऊ टेबलाशी बसत, पंडरीच्या कापडबाजारातून आणलेल्या खादीच्या बाह्या वर सारत, आणि तीसेक कोऱ्या लेटरहेडवर सह्या करून माझ्या हवाली करत. सही तळाशी नसे. पानाच्या मध्याहून जराशी खाली. पहिल्यांदा मी विचारलं, इतकी वर काहून? म्हणाले, “जास्त जागा देली तर तू निबंध लिहिशीन.” खरं कारण मला नंतर कळलं. त्या सहीवर सात-आठ ओळींपेक्षा जास्त मजकूर बसायचाच नाही. विश्वास त्यांनी पुरता टाकला होता, पण त्याला उंची आखून दिली होती. अशा सह्या बरेच लोकप्रतिनिधी करून ठेवतात आणि तशी कबुली कोणी देत नाही. मी आज देते आहे.

त्या आठ ओळींतही माणूस मरू शकतो, हे मी शिकले ते असं. भाऊ दिल्लीत होते. एका गावचा सरपंच चार माणसांना घेऊन आला. आरोग्य उपकेंद्रातल्या नर्स, शांती सिस्टर, कामावर येत नाहीत, बायकांना त्रास होतो, बदली करा, असं त्यांचं म्हणणं. पाचही जण एकसारखं बोलले, आणि पाच माणसं एकसारखं बोलतात तेव्हा ती पाठ करून आलेली असतात, हे मला पुस्तकांच्या कपाटात राहून ठाऊक नव्हतं. मी भाऊंना फोन लावला. ते सभागृहात होते. मी कागद काढला आणि लिहिलं. महिन्याभरात सिस्टरची बदली दूर जंगलपट्टीत झाली. नंतर कळलं की सरपंचाच्या घरातल्या कुणासाठी खोटी नोंद करायला सिस्टरने नकार दिला होता. तिच्या जागी कोणी आलं नाही. त्या मधल्या काळात गावातली एक पहिलटकरीण ट्रॅक्टरवरून तालुक्याला नेता नेता वाटेतच गेली.

भाऊ परतले, सगळं ऐकलं. मला एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सिस्टरच्या माहेरी गेले, तिथून त्या गावात, मेलेल्या मुलीच्या अंगणात. मी सोबत होते. ते म्हणाले, चिट्ठी माझी, सही माझी, चूक माझी. मी पुढे होऊन काही बोलणार होते, तर त्यांनी मागे न बघता हात आडवा केला. सिस्टरला परत आणायला चार महिने लागले. पुढच्या निवडणुकीत भाऊ पडले. एका गावाने कोणी पडत नाही, हे मलाही कळतं; पण मोजणीच्या दिवशी त्या गावच्या पेटीचा आकडा आला तेव्हा मी खोलीतून उठून गेले.

त्यानंतरची निवडणूक त्यांनी जिंकली आणि पहिल्याच अधिवेशनाआधी पुन्हा कोऱ्या कागदांची चळत टेबलावर ठेवली. मी म्हटलं, आता नको भाऊ, मला भीती वाटते. ते टोपण काढून सही करतच राहिले. “तू एकदा चुकली म्हणून तुह्या हातात कागद देणं बंद केलं, तर लोकायनं माह्या हातात काहून द्यावं? मी किती चुकलो, तुले मोजता येतीन का?” मग एक नियम घालून दिला. माझ्या सहीवर माणसासाठी लिही, माणसाविरुद्ध लिहू नको. तो नियम मी शेवटपर्यंत पाळला. निदान पाळला असं समजत होते.

यंदा अधिवेशनाच्या मध्यावर ते दिल्लीत आजारी पडले आणि एकोणीस दिवस तिथल्या दवाखान्यात होते. नितीन सगळे दिवस तिथे होता. बापाचे पाय चेपत, डॉक्टरांशी बोलत, इकडचे फोन घेत. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढे जे घडलं त्यात तो वाईट दिसू नये. चाळिशी ओलांडलेला, मतदारसंघातला रस्ता न् रस्ता पायाखालचा, माझ्या मांडीवर खेळलेला. मराठी कळते, बोलतो हिंदीत.

अंत्यदर्शनाला पक्षाचे एक ज्येष्ठ दिल्लीहून आले होते. हार घालून झाल्यावर त्यांनी नितीनला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, “भैयाजी कुछ लिखकर गए हैं क्या?” मी तीन हातांवर होते. नितीनने नाही म्हटलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं.

चौथ्या दिवशी तो माझ्याकडे आला. पोटनिवडणूक होणार, जागेसाठी तिघं रांगेत आहेत, पण बाबांनी माझं नाव सुचवलं असं एक पत्र असलं तर बाकीचे आपोआप मागे होतील, असं त्याचं सरळ म्हणणं होतं. कागद तुमच्याकडे आहेत, मला ठाऊक आहे, म्हणाला. मी म्हटलं, तेरावं होऊ दे. मला नकार देता आला नाही आणि हो म्हणता आलं नाही. तो गेल्यावर मोजले, अकरा कागद उरले होते. घरात ठेवावेसे वाटेनात, भाऊंच्या टेबलात ठेवण्याची सोय उरली नव्हती. मी ते एका जाड पुस्तकात घालून पिशवीत बाळगायला लागले. बँकेत गेले, भाजी आणली, दहाव्याला घाटावर गेले, पिशवी खांद्यालाच. कोणी मागून हाक मारली की माझा हात आधी पिशवीवर जायचा.

भाऊंना काय हवं होतं? मागच्या होळीला जेवताना नितीनने त्यांना विचारलं होतं, बाबा, पुढच्या वेळी मी? भाऊ भाकरी मोडत राहिले. तो उठून गेल्यावर मला म्हणाले, “माह्यापेक्षा बरा बोलते तो. पण त्याले ऐकून घ्याचा कंटाळा आहे. मी काही सांगनार नाही, लोकायले सांगू दे.” हे फक्त मी ऐकलं आहे. त्याला पुरावा नाही. दवाखान्यात शेवटच्या दिवसांत ते नितीनचा हात धरून होते, हे वहिनींनी पाहिलं आहे. त्यालाही पुरावा नाही. माणूस होळीला एक बोलतो आणि मरताना त्याच्या मनात दुसरं असू शकतं. मी हे स्वतःला पुन्हा पुन्हा सांगून पाहिलं. कागद द्यायला कारण सापडावं म्हणून सांगत होते, हेही मला कळत होतं.

तेराव्याची पंगत उठली, पाहुणे पांगले. दुपारी तीनच्या सुमारास नितीनने पुढच्या खोलीचं दार लोटून घेतलं. वहिनी आरामखुर्चीत, मी माझ्या नेहमीच्या खुर्चीत, तो उभा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं दिल्लीचं विमान होतं. त्याने मजकूर तयार करून आणला होता, तारीख बाबा दवाखान्यात दाखल झाले त्याच्या आदल्या दिवसाची. मी वाचला. सात ओळी. सहीवर बसतील इतक्याच. भाषा साधी, एकही विशेषण नव्हतं. वाचताना मला एक क्षण वाटलं, हे भाऊंनीच लिहिलं असतं तर असंच लिहिलं असतं. तेवढ्याने मी घाबरले.

“नितीन, हे भाऊंनी लिहिलेलं नाही,” मी म्हटलं.

“उनके मन का लिखा है, आत्या. आप सालों से क्या लिखती थीं? उनके मन का ही न?”

“मी लिहायची ते परतल्यावर त्यांना दाखवायची. आता कोणाला दाखवू?”

त्याने टेबलाचा खण उघडला आणि एक कागद समोर ठेवला. फूलबाईच्या पत्राची झेरॉक्स. प्रत्येक पत्राची एक प्रत फाइलला लावायची माझीच सवय. “ये देखिए तारीख. बाबा सुबह गए, ये चिट्ठी उसके बाद निकली. उस औरत के लिए मरे हुए आदमी की सही चलती है. मेरे लिए नहीं चलती?”

मी म्हटलं, “ते चुकलं माझं.”

“चुकलं नाही,” तो पहिल्यांदा मराठीत म्हणाला. “ठीक किया आपने. उसका आदमी बच गया होगा. और बाबा का नियम भी यही था, किसी के लिए लिखो, किसी के ख़िलाफ़ नहीं. मैं किसके ख़िलाफ़ लिखवा रहा हूँ?”

वहिनी इतका वेळ खिडकीकडे बघत होत्या. त्या न वळता म्हणाल्या, “दे न व सुनंदा. एकच तर मागून राहिला पोट्टा. बापाच्या मांगं त्याले दुसरं काय हाय? अन् ते कागद माह्या घरचेच हायेत ना.”

नितीनशी मी भांडू शकले असते. वहिनींशी नाही. माझी आई गेली तेव्हा माझ्या घरी चूल त्यांनी पेटवली होती. मी पिशवी मांडीवर घेतली, पुस्तक काढलं, त्यातून कागद काढले. नितीनच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. त्याने संगणक चालू केला. मला कळत होतं की मी हे कागद आता टेबलावर ठेवले तर सगळ्यांचं भलं होईल, आणि मला काहीही करावं लागणार नाही. फक्त उठून घरी जायचं.

“वहिनी,” मी म्हटलं, “शांती सिस्टरची चिट्ठी आठवते?”

त्या वळल्या. त्या निवडणुकीत वहिनी प्रचाराला त्या गावी गेल्या होत्या. मेलेल्या मुलीच्या आईने त्यांच्या हातातलं पत्रक परत केलं आणि म्हणाली होती, “तुम्हर चिट्ठी हमर बेटी ला खा डारिस.” तुमच्या चिठ्ठीनं आमची लेक खाल्ली. वहिनी घरी येऊन कितीतरी दिवस भाऊंशी बोलल्या नव्हत्या. असं पत्र यांनी लिहिलंच कसं, हे त्यांनी मला दहा वेळा विचारलं होतं, याच खोलीत. आणि मी दहाही वेळा मान खाली घातली होती.

“ती भाऊंनी लिहिली नव्हती,” मी म्हटलं. “ते दिल्लीत होते. कोरा कागद होता, त्यावर मी लिहिली. त्यांनी ती जन्मभर स्वतःची म्हणून वागवली. मी गप्प राहिले.”

वहिनींनी विचारलं, “म्हंजे ते तुह्यं होतं?”

“हो.”

“अन् मी त्यायले…” त्यांचं वाक्य पुरं झालं नाही.

मी नितीनला म्हटलं, “तू विचारलंस, कोणाविरुद्ध. हे भाऊंविरुद्ध आहे. ते चुकीचं निघालं तर ‘सही माझी’ म्हणायला ते आता नाहीत. बरोबर निघालं तरी नाहीत.” मग पेन काढलं आणि पहिल्या कागदावर, त्यांच्या सहीच्या वरच्या मोकळ्या जागेत लिहिलं: ‘खालील सही खासदार वामनराव खडतकर यांनी हयातीत कोऱ्या कागदावर केलेली आहे. त्यांच्या निधनाच्या दिवशी हा कागद कोरा होता.’ खाली त्या दिवसाची तारीख आणि माझी सही. सुनंदा पांडे. त्यांच्या लेटरहेडवर माझं नाव कधीच उमटलं नव्हतं. मग दुसरा कागद घेतला.

तिसऱ्या कागदाला नितीनने चळतीवर तळहात ठेवला. जोर नव्हता त्यात, पण हात काढला नाही. “आत्या, बस करा. एक राहू द्या. फक्त एक.” एवढं मराठी तो माझ्याशी लहानपणानंतर बोलला नव्हता. मी त्याच्या हाताकडे बघत राहिले. भाऊंसारखीच बोटं. आणखी थोडा वेळ गेला असता तर माझ्याने पुढे लिहवलं नसतं, हे मी खरं सांगते.

“लिहू दे तिले,” वहिनी म्हणाल्या.

“आई…”

“लिहू दे म्हनलं न. ज्याचं त्याच्या नावावर राहू दे. दुसऱ्याचं ओझं वाहून वाहून गेला तो मानूस.” आवाज चढला नव्हता. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

नितीनने हात काढला. मी उरलेले नऊ कागद लिहिले. प्रत्येकावर तीच दोन वाक्यं. त्याला बराच वेळ लागला आणि ते दोघंही तिथेच होते. मग मी फूलबाईच्या पत्राची प्रत ओढून घेतली आणि तिच्यावरही खरं ते लिहिलं, की हे पत्र निधनानंतर निघालं आणि त्याची जबाबदारी माझी. सगळे कागद वहिनींच्या मांडीवर ठेवले. त्यांनी ते पदराखाली घेतले. मी निघाले तेव्हा ‘ये’ असं कोणी म्हणालं नाही.

नितीनला उमेदवारी मिळाली नाही. पत्र असतं तर मिळाली असती का, मला ठाऊक नाही. तो म्हणतो मिळाली असती. मी रुग्णालयात जाऊन फूलबाईच्या पत्राचं सांगून आले. तिथल्या बाबूने माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं आणि म्हणाला, मरीज कब का घर चला गया, मॅडम. वहिनींना मी दोनदा फोन केला. एकदा उचलला नाही, एकदा कामवालीने सांगितलं की झोपल्या आहेत, तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. भाऊंनी मला वाचवलं ते वहिनींच्या रागाच्या बदल्यात, हे मी इतकी वर्षं बघत होते. आता तो राग ज्याचा त्याला मिळाला आहे. तक्रार नाही.

मागच्या सोमवारी माझ्या घराची कडी वाजली. दारात एक शेतकरी आणि त्याची नऊ-दहा वर्षांची मुलगी. मुलीला ऐकू येत नाही. तिचा खास शाळेच्या वसतिगृहातला प्रवेश नव्या रायपूरच्या कुठल्याशा कार्यालयात अडला होता. तो आधी समता कॉलनीत गेला होता; तिथे फाटक बंद, शेजाऱ्याने माझा पत्ता दिला. मी म्हटलं, भैयाजी नहीं रहे. त्याने मान हलवली. त्याला ते ठाऊक होतं. तरी तो आला होता. दुसरीकडे कुठे जायचं असतं, हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं, आणि मलाही सांगता येईना.

दोघांना बसवलं. घरात लेटरहेड नव्हतं, साधा पांढरा कागद होता. मी त्याचं सगळं ऐकून घेतलं, सहा ओळी लिहिल्या, आणि मग माझ्या लक्षात न येता मी तो कागद वाचून दाखवायला लागले. भाऊ रायपुरात असले की कधीही पत्र नुसतं घडी घालून देत नसत. समोरच्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवत, बोट ओळीवरून फिरवत, आणि विचारत, असंच आहे ना? समोरचा ‘हव’ म्हणाला की मगच सही. कित्येकदा तो ‘हव’ म्हणत नसे, मान खाजवत असे, आणि पत्र पुन्हा लिहावं लागे. मला तेव्हा तो वेळेचा अपव्यय वाटायचा. त्यांच्या माघारी, कोऱ्या सह्यांवर लिहिताना, मी हे एकदाही केलं नव्हतं. सरपंचाला मी वाचून दाखवलं नव्हतं. सिस्टरला तर नाहीच.

वाचून झाल्यावर मी विचारलं, “अइसनेच हे न?”

“हव,” तो म्हणाला. मग थांबला. “नहीं… नोनी ला बिल्कुल नइ सुनाय, अइसे झन लिखव. ढोल बाजथे त सुन लेथे.”

मुलीला अगदीच ऐकू येत नाही असं लिहू नका, ढोल वाजला की ऐकते ती. मी ते वाक्य बदललं. पुन्हा वाचलं. या वेळी ‘हव’ लगेच आलं. मी खाली सही केली. त्याने कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला, वरचा रिकामा भाग पाहिला, जिथे नाव आणि राजमुद्रा असायची, आणि विचारलं, ही सही कोणाची? माझी, मी म्हटलं. ही चालेल का? मी म्हटलं, ठाऊक नाही.

त्याने कागद माझ्या हातात परत दिला. मग सरळपणे म्हणाला, “त आप मन घलो चलव न दीदी.”

मग तुम्हीही चला ना. भाऊंची सही एकटी जायची. फाटकं उघडायची, बाबू उभे राहायचे. माझ्या सहीबरोबर मला जावं लागणार होतं. नव्या रायपूरची बस तासाला एखादी, उतरल्यावर त्या रुंद रस्त्यांवर सावली नाही, आणि ते कार्यालय कुठल्या इमारतीत आहे हे आम्हा तिघांपैकी कोणालाच माहीत नव्हतं. मी पाण्याची बाटली भरली, कागद मुलीच्या हातात दिला आणि चपला शोधायला लागले.